पऱ्हाटीचं फूल कोणत्या रंगाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पालकसभेत असो की पानठेल्यावर, हा प्रश्न येतोच: "गुर्जी, कविता अन् चित्रं काढून पोट्ट्यायले निसर्ग समजते का, का नुसता टाइमपास?"

समजतो. चित्र काढायचं तर आधी नीट बघावं लागतं, म्हणून समजतो. चित्र चांगलं आलं की नाही, याच्याशी मला फार घेणंदेणं नाही.

यवतमाळकडच्या आमच्या पोरांना "निसर्गचित्र काढा" म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळ. नारळ! इथं नजर जाईल तिथवर पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), मधे तुरीच्या ओळी, धुऱ्यावर बाभूळ नाहीतर पळस. त्यातलं काही कागदावर येत नाही. निसर्ग दुसऱ्या गावी असतो. हे तर आपलं वावर!

म्हणून मी पऱ्हाटीपासून सुरुवात करतो. आधी वर्गात बसूनच फूल काढायला लावतो. बहुतेक जण पांढरं ठेवतात, कापूस पांढरा म्हणून. मग फुलं लागली की शाळेजवळच्या वावरात जायचं. सकाळी उमललेलं फूल फिकट पिवळसर असतं. त्याच्या देठाला दोरा बांधून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी! "सर, कोनं रंगवलं?" जन्मापासून पऱ्हाटीत वाढलेली ही पोरं, पण घरात हिशोब बोंडांचा होतो, फुलांचा कोण करतो?

एकदा एका मुलीनं पाकळ्या पिळवटून मिटलेलं फूल काढलं. बाकीचे हसले, फूल असं असते का म्हणून. ती आम्हाला झाडाशी घेऊन गेली. डोमकळी होती. पाकळ्या उघडल्या तर आत बारकी अळी, गुलाबी बोंडअळीची. अशा कळ्या अळीसकट तोडून नष्ट करायच्या असतात, हे तिच्या बापाला माहीत होतं. तिनं ते कागदावर आणलं, इतकंच.

कवितेला माझी एकच अट: 'सुंदर' आणि 'हिरवंगार' हे शब्द बंद. मग वऱ्हाडीत खरं येतं. एकीनं लिहिलं: "काल पिवळं होतं, आज गुलाबी झालं / माय म्हणे, पाह्यत काय बसली, निंदाले चाल."

मोठ्यांच्या कविताही वाचतो. बहिणाबाईंचा खोपा सुगरण बांधते. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले खोपे काढायला बसलो, तर विणणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा, म्हणजे नर. मादी येते, अर्धा विणलेला खोपा तपासते, पसंत पडला तर राहते. "म्हणजे कविता खोटी?" असं पोरांनी विचारलंच. मी म्हटलं, ती वाचली नसती तर या विहिरीवर आपण तास घालवला असता का? त्यांना हे पुरेसं वाटलं नाही. वाद अजून चालू आहे.

चित्राला सगळं जमत नाही, हेही खरं. अळी फुलात शिरते कशी, बोंडअळीला रोखायलाच बनवलेल्या बीटी कपाशीलाही ती आता दाद का देत नाही, हे कविता सांगणार नाही. तिथं विज्ञानाचं पुस्तक उघडावंच लागतं. पण तेव्हा प्रश्न माझा नसतो, पोरांचा असतो, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी पुस्तक मिटू देत नाहीत.