चावलेल्या लेकरासह: पेण ते कुलाबा किल्ला

ओवीला चावलं त्याला आज पाचवा दिवस. त्याच रात्री शेजारचे काका कोयता घेऊन आले. ‘तुझ्याने होणार नाही, मी करतो,’ म्हणाले. त्यांचा राग नाही. त्यांनी आपल्या घरातलं स्वतःच्या हाताने उरकलं होतं. मी मात्र दुसऱ्या संध्याकाळी हातगाडी काढली.

पेण ते अलिबाग तीसेक किलोमीटर, किल्ला तिथल्या किनाऱ्यासमोर समुद्रात. गाडीच्या चाकांना आधी गोडेतेल घाला, करकर ऐकून ‘ते’ मागे लागतात. बांधायला नायलॉनची दोरी घेऊ नका, काचते. जुनी सुती साडी फाडा. तोंडाला फडकं टिकत नाही, स्कूटरचं हेल्मेट घालून काच खाली ओढा.

वडखळ नाका अंधारात ओलांडा. पोयनाडपर्यंत त्रास नाही. खरी अडचण कार्लेखिंडीत, आणि तीही जिवंत माणसांची. तिथली पोरं प्रत्येकाच्या हातापायावर बॅटरी मारून चावा शोधतात. मी ओवीवर ताडपत्री टाकून वर सुकट आणि बोंबील पसरले होते. त्या वासात कोणी हात घालत नाही. ‘मावशी, चार बोंबील द्या की,’ एवढंच म्हणाले. खालून गुरगुर आली तशी मी खोकत सुटले.

किनाऱ्यावर माझं चुकलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात पोरांनाही ठाऊक. अष्टमी, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. बरोबर बाराला उतरले आणि कमरेएवढं पाणी! अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान, तिची ओहोटीही अर्धवटच. गाडी रुतली ती तिथेच. ओवीला पाठीवर बांधून गेले. हेल्मेट माझ्या मानेवर आपटत होतं. शक्य असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास निघा. सकाळ-संध्याकाळी पाचच्या सुमारास खडक उघडे पडतात.

किल्ल्यात गोडं पाणी आहे. मी सिद्धिविनायकाच्या देवळात राहते. लेकराला मात्र उत्तरेच्या सर्जेकोटात, शेजारच्या छोट्या किल्ल्यात ठेवा, मध्ये दगडी बांध आहे. भरतीला ‘ते’ वाहून जातात, ओहोटीला जागं राहा.

ओवी हाक मारली की मान वळवते. आवाजाला सगळेच वळवतात, ठाऊक आहे. म्हणून दुसरंच नाव घेऊन पाहिलं. वळली नाही. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

उद्या एकादशी, सव्वाआठला भरती. कोणी येणार असाल तर अडीचच्या सुमारास उतरा, पाणी थोडं असेलच. मीठ नको, इथे भरपूर. काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा. आणि नेलकटर आणा. नखं अजून वाढतात.