क्लीट घेऊ का फ्लॅटच ठेवू? सातारच्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांसाठी

रोड बाईक घेतली की महिना-दोन महिन्यात प्रत्येकाच्या डोक्यात हा प्रश्न येतोच, की आता क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावून पेडलमधे अडकवायची पकड, घ्यायची का आहेत तेच पेडल ठेवायचे. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. सातारा शहरात आणि आजूबाजूच्या घाटात चालवणार असाल तर सुरुवातीला चांगले पिनवाले फ्लॅट, म्हणजे नुसता बूट ठेवायचे सपाट पेडल, घ्या, आणि पुढं क्लीट घ्यावीशी वाटलीच तर दोन बोल्टनी बुटाला बसणारी छोटी एसपीडी घ्या. तीन बोल्टची ती मोठी प्लास्टिकची रोड क्लीट फक्त त्याच्यासाठी, जो पहाटे घरातून निघाला की थेट हायवेला लागतो आणि परत घरी येऊनच पाय खाली ठेवतो. पेडल निवडताना बाकी सगळे वेगाचं बघतात, मी बघतो ते एवढंच की राईडमधे पाय किती वेळा खाली टेकावा लागतोय आणि टेकल्यावर किती चालावं लागतंय.

आता हे सविस्तर सांगतो, कारण यावर गैरसमज फार आहेत आणि त्यापायी नवीन पोरं नको तिथं पैसे घालवतात.

क्लिपलेस म्हणजे ज्याला आपल्याकडं सगळे सरळ क्लीटचे पेडल म्हणतात ते. बुटाच्या तळाला क्लीट, ती पेडलमधे खटकन बसते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. याच्या आधी टो क्लिप होती, पंज्यापुढं पिंजरा आणि त्यावर चामड्याचा पट्टा, थांबायच्या आधी खाली वाकून हातानं तो पट्टा ढिला करायचा. मग १९८४ मधे लूक या फ्रेंच कंपनीनं, जी आधी बर्फावरच्या स्कीची बाइंडिंग बनवायची, तेच तंत्र सायकलच्या पेडलला आणलं आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड हिनॉल्टनं त्याच पेडलवर जिंकली. त्यानंतर सगळे रेसर हळूहळू तिकडंच गेले. शिमानो या जपानी कंपनीची एसपीडी १९९० ला आली ती मात्र माउंटन बाईकसाठी, म्हणजे ज्याला मधेच उतरून चिखलात सायकल ढकलत चालावं लागतं त्याच्यासाठी, म्हणून तिची क्लीट छोटी, लोखंडी आणि बुटाच्या तळव्यात आत बसवलेली. एक पेडल बंद केलेल्या रस्त्यावर रेस करणाऱ्यासाठी झालं आणि दुसरं उतरून चालणाऱ्यासाठी. पोवई नाक्यावरून सकाळी आठ वाजता जाणारा माणूस यातला कुठला, तुम्हीच सांगा.

पॉवरचं. "क्लीट लावली की पाय वर ओढतानापण जोर लागतो, तीस टक्के फरक पडतो" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते सगळ्यांना खरंच वाटतं. तसं नाहीये. एकसारख्या वेगानं पेडल मारताना शरीर किती ऑक्सिजन वापरतं हे लॅबमधे मोजून झालंय, आणि फ्लॅट का क्लीट यानं त्यात म्हणावा असा फरक पडत नाही, उलट रायडरला मुद्दाम पाय वर ओढायला सांगितलं तर तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसवतात तो हात, घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर जवळजवळ सगळं काम एक ते पाच वाजण्याच्या मधे होतं, मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचा मोठा स्नायू ते करतात, आणि वर येणारा पाय फक्त स्वतःचं वजन उचलून दुसऱ्या पायाच्या आड येत नाही एवढंच. कसलेले रेसरसुद्धा आरामात चालवताना पाय ओढत बसत नाहीत.

मग क्लीटचा उपयोग काय? आहे, आणि मी तो मनापासून मान्य करतो. पाय दर वेळी त्याच जागी बसतो. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, शंभरच्या वर गेला तरी पाय उडत नाही. उभं राहून स्प्रिंट मारताना सगळा जोर निर्धास्त लावता येतो. आणि केळघर घाटातून मेढ्याकडं उतरताना मधेच उखडलेला पट्टा आला आणि सायकल थडथडली तरी पाय पेडलवरून सटकत नाही, ही गोष्ट ज्यानं अनुभवली त्याला क्लीट का आवडते ते वेगळं सांगावं लागत नाही. बुटाचा सोल कडक असतो म्हणून लांबच्या राईडला पंज्याची आगपण कमी होते. पण हे सगळे फायदे एसपीडीतपण मिळतात हो, त्यासाठी तीन बोल्टवालीच पाहिजे असं काही नाही.

आता आपले रस्ते घ्या. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो तो वर कासकडं जातो, हीच आपल्यातल्या बहुतेकांची नेहमीची राईड. चढावर स्पीड आठ-नऊचा, पावसाळ्यात धुकं, वळणावर दरडीची माती आणि खडी आलेली, फुलांच्या सीझनला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, त्यात समोरून बस आली की एखादा कारवाला जागेवर ब्रेक मारतो आणि तुम्हाला चढावरच थांबावं लागतं. अशा वेळी दोन गोष्टी पाहिजेत, पाय चटकन सुटला पाहिजे आणि निघताना चटकन बसला पाहिजे. फ्लॅटला प्रश्नच नाही. एसपीडीचे नेहमीचे पेडल दोन्ही बाजूनी बसतात त्यामुळं खाली न बघता पाय ठेवला की झालं. रोड क्लीटचं पेडल एकाच बाजूनी बसतं, मागची बाजू जड म्हणून ते टोक वर करून लटकतं, बुटाच्या पुढच्या टोकानं ते पकडून मग दाबायचं, सपाटीला सवयीनं हे आपोआप होतं पण नऊ-दहा टक्के चढावर एका पायाच्या एका धक्क्यात हे जमवायचं म्हणजे अवघड, पाय चुकला की सायकल तिथंच थांबते आणि दुसरा पाय अजून अडकलेला असतो. बरेच जण क्लीटवर पडतात ते असेच, शून्य स्पीडला, आणि लागतं ते कोपराला नाहीतर मनगटाला.

शहरातपण तेच. राजवाड्याकडं भाजीच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा, मधेच आडवी येणारी टू-व्हीलर. आणि कारखाने सुरू झाले की ऊसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, गाणी जोरात लावलेली, त्याला मागचा हॉर्न ऐकूच येत नाही, रस्त्यावर ऊस पडलेला असतो तो वेगळा. त्याच्या मागं अडकलं की पाय खाली-वर खाली-वर चालूच.

चालण्याचापण विचार करा. राईड म्हणजे नुसती सायकल नसते, मधे चहा असतो, पंक्चर असतं, सज्जनगडाला गेलात तर पायऱ्या असतात. रोड क्लीट घालून हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवर चालून बघा, टाच खाली पंजा वर अशी चाल होते, फरशी ओली असेल तर घसरायची भीती आणि डांबरावर चालून ते प्लास्टिक झिजतं ते वेगळंच. एसपीडीच्या बुटाला चहूबाजूनी रबर असतं, माणूस माणसासारखा चालतो. म्हणून तर बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणाऱ्यांत एसपीडीवाले खूप दिसतात, २०० किमीला साडेतेरा तास असतात आणि त्यात कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, उतरायचं, खायचं, पाणी भरायचं, हे सगळं चालत चालतच होतं. उन्हाळ्यात काही जण एसपीडी लागणारे सँडल वापरतात, दिसायला कसेपण असूदेत, आपल्या हवेला पायाला ते फार बरं पडतं.

माझा भाचा कराडला इंजिनिअरिंगला आहे, त्यानं रोड बाईक घेतली आणि दिवाळीला आला तेव्हा लगेच सुरू झाला.

"मामा, क्लीट घेतल्याशिवाय घाट चढत नाही म्हणतेत सगळे."

म्हणलं, "तुझ्या मागच्या चाकाच्या कॅसेटमधे सगळ्यात मोठ्या चकतीला दाते किती आहेत?"

"अठ्ठावीस."

"मग आधी ती बदलून बत्तीस नाहीतर चौतीसची टाक."

हे मी सगळ्यांनाच सांगतो. घाटात दम निघतो तो गिअर जड म्हणून निघतो. पुढच्या चकतीला ३४ दाते आणि मागं २८ असतील तर नवीन माणसाचा कॅडन्स पन्नासच्या खाली येतो आणि गुडघ्यावर सगळा भार पडतो, तिथं मागं ३२ किंवा ३४ टाकलं की तोच माणूस बसून चढून जातो. फक्त तुमचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, एवढी मोठी चकती घेतो का ते मेकॅनिकला विचारून घ्या. क्लीट, पेडल आणि बूट मिळून जेवढा खर्च होतो त्यापेक्षा यात सहसा कमी जातो आणि फरक पहिल्या वळणावर कळतो.

फ्लॅट ठेवायचे तर मग नीट ठेवा, ही माझी दुसरी कळकळ. कंपनीतून आलेले गुळगुळीत प्लास्टिकचे पेडल म्हणजे फ्लॅट नव्हे, पावसात त्यावरून पाय साबणावरून घसरावा तसा घसरतो. रुंद प्लॅटफॉर्मचे, छोट्या पिना असलेले घ्या, नायलॉनचे चांगले मिळतात आणि हलकेपण असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या धारदार पिना नडगीवर बसल्या तर चांगलं रक्त काढतात, एवढं सांभाळा. बुटात रनिंग शूज टाळा. त्याचा सोल मऊ, दर पेडलला दबतो, आणि तासाभरानी पंजा दुखायला लागतो. सपाट, जरा कडक रबरी सोलचा बूट बघा. लेस आत खोचा, चेनमधे जाते.

क्लीट घेणाऱ्यांनी गुडघ्याचं तेवढं मनावर घ्या. फ्लॅटवर पाय आपली जागा आपण शोधतो, क्लीटवर तुम्ही जिथं बांधाल तिथंच तो हजारो वेळा फिरतो, त्यामुळं कोन चुकला की गुडघा बोलतो. क्लीट अशी लावा की पंज्याचा फुगीर भाग पेडलच्या दांड्यावर किंवा दांड्याच्या किंचित पुढं येईल, आणि तुम्ही चालताना पाय जसा बाहेर फाकतो तसाच कोन ठेवा, जबरदस्तीनी सरळ करायला जाऊ नका. टाच थोडी इकडंतिकडं हलायला जी मोकळीक असते तिला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या रोड क्लीटमधे पिवळीला ६ डिग्री, निळीला २ आणि लालला शून्य, नवीन माणसानं पिवळी सोडून दुसरी घेऊ नये. लूक केओमधे रंग वेगळे आहेत, तिथं लाल ९ डिग्री, राखाडी ४.५ आणि काळी शून्य, म्हणजे दुकानात नुसतं "लाल द्या" म्हणून चालत नाही. एसपीडीत दोन क्लीट मिळतात, एसएच-५१ फक्त टाच बाजूला फिरवून सुटते आणि एसएच-५६ वेगवेगळ्या दिशांनी सुटते, घाबरून पाय वर ओढला तरी सुटते. शिकताना ५६ घ्या. पेडलचा स्प्रिंग ३ एमएमच्या अ‍ॅलन कीनं एकदम ढिला करा, दोन्ही बाजू दोन्ही पेडल, एकूण चार स्क्रू. आणि पेडल-बूट बदलले की सीटची उंची परत तपासा, सोलची जाडी बदलते तशी पायाची लांबी बदलल्यासारखं होतं.

सराव भिंतीला धरून, मग जिल्हा परिषदेच्या मैदानासारख्या मोकळ्या जागेत. आपण डावीकडून चालवतो म्हणून सहसा डावा पाय सोडायची सवय लावा, शरीर डावीकडं झुकवूनच थांबा, आणि सिग्नल किंवा गर्दी दिसली की पोचायच्या आधीच पाय सोडून नुसता पेडलवर ठेवा. घाटात जायच्या आधी ही सवय हाताला ब्रेक बसतो तशी बसली पाहिजे. ज्यांचं मन अजून दोन्हीकडं आहे त्यांना एका बाजूनी फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूनी एसपीडी असलेले पेडलपण मिळतात, बाजारात जायचं तर चपलेवर आणि रविवारी कराडपर्यंत हायवेनं जायचं तर क्लीटवर. निघताना बरोबर बाजू शोधावी लागते हा त्याचा त्रास, बाकी मला तो पर्याय आवडतो. भाच्यानंपण शेवटी तेच घेतले, कॅसेट बदलल्यावर.

पेडल घरी बदलणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. पेडलवर १५ एमएमचा पाना उभा, दांडा वरच्या दिशेला येईल असा लावा, मग पाना सायकलच्या मागच्या चाकाकडं ढकलला की दोन्ही बाजूंचे पेडल सैल होतात आणि पुढच्या चाकाकडं ढकलला की घट्ट. काही पेडलना पान्याला जागाच नसते, ते आतल्या बाजूनी ६ किंवा ८ एमएमच्या अ‍ॅलन कीनं काढायचे. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे वेढे हातानीच फिरवा, वाकडं लागतंय असं वाटलं तर तिथंच थांबून परत काढा, क्रँकचे आटे गेले की क्रँकच बदलावी लागते.