छत्तिसांतली अठरा

गेल्या वर्षी १ जानेवारीला मी स्वतःला एक अट घातली : वर्षभरात ३६ पुस्तके वाचायची आणि त्यांतली निदान १८ मराठी असायची. २९ डिसेंबरच्या रात्री छत्तिसावे पुस्तक संपले. मात्र खरी कसोटी ३६ ची नसून १८ ची आहे, हे फेब्रुवारीतच कळून चुकले होते.

३६ हा आकडा मी हिशेबाने ठरवला होता. बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये वाचनवेगावरील १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा इंग्रजी ललितेतर मजकूर मनातल्या मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द भरला. या वेगाने ८०,००० शब्दांचे पुस्तक साडेपाच तासांच्या आसपास संपते, म्हणजे ३६ पुस्तकांना साधारण २०० तास, दिवसाला जेमतेम ३३ मिनिटे. कामावर जाता-येता आगगाडीत माझा याहून अधिक वेळ जातो.

हा हिशेब बिघडला तो मराठीने. एक तर मिनिटाला किती शब्द हे माप आपल्या भाषेला नीट लागूच पडत नाही, कारण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दालाच चिकटतात. ‘त्यांच्यासारख्यांमुळेसुद्धा’ हा एवढा ऐवज मराठीत एकच शब्द ठरतो. म्हणून मी पाने मोजू लागलो, तर कादंबरीच्या दहा पानांना ३१ मिनिटे लागली. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. दहा वर्षे परदेशात राहूनही रोज घरी फोनवर मराठी बोलतो, या समाधानात मी होतो. पण फोनवरच्या मराठीला तब्येत, हवा आणि नातेवाईक एवढ्यापुरते शब्द पुरतात, आणि लेखकाने तीन उपवाक्ये ओलांडून क्रियापद शेवटी ठेवले की तोवर कर्ता कोण होता हेच मी विसरत होतो. डोळ्यांना अक्षरे ओळखीची होती, वाक्याची चाल मात्र परकी झाली होती.

यावर शाळेतला जुना उपाय कामी आला. प्रत्येक मराठी पुस्तकाची पहिली दोन-तीन पाने मी रात्री मोठ्याने वाचू लागलो. मोठ्याने वाचताना कुठे थांबायचे हे ठरवावेच लागते, आणि थांबे कळले की लांब वाक्यही आपसूक उलगडते. सप्टेंबरमध्ये तेवढीच दहा पाने १९ मिनिटांत होऊ लागली.

पुस्तके मिळवणे हा वेगळाच उद्योग होता. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात मराठीचा एकच खण आहे, त्यावर ८९१.४६ हा आकडा. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ग्रंथालयातील पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा काही भाषांच्या साहित्याला दहा-दहा क्रमांकांचे ऐसपैस वाडे मिळाले आहेत, आणि उरलेल्या जगाची दाटी ८९० च्या घरात झाली आहे. मराठी तिथे दशांशचिन्हाच्या पलीकडे, दुसऱ्या घरात राहते. हे पाहून मला रागापेक्षा हसूच अधिक आले. खणातली पुस्तके जूनपर्यंत संपली, आणि पुढची इतर ग्रंथालयांतून मागवावी लागली. त्यांतल्या एकाच्या मागच्या चिठ्ठीवर परतीचा शेवटचा शिक्का १९९८ चा होता. ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे. त्या पुस्तकाने बरीच वाट पाहिली असावी.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ऑक्टोबरमध्ये मी सात पुस्तके मागे पडलो, तेव्हा पुस्तके मागवताना मी त्यांची नावे न बघता जाडी बघू लागलो. ९० पानांची चार पुस्तके मी लागोपाठ संपवली. त्यांतले एक फार सुंदर होते, आणि त्यावर दोन दिवस रेंगाळायचे सोडून मी ते त्याच रात्री वहीत नोंदवून पुढचे उघडले. एक ७०० पानांची कादंबरी तर एवढी पाने वाचून शेवटी ‘एक’च मोजले जाणार, या विचाराने मी बाजूला सारली. आकडा माणसाला वाचायला बसवतो हे खरे, पण काय वाचायचे हेही तोच ठरवू लागला की तो डोईजड होतो. शिवाय अठरापैकी बारा कादंबऱ्याच होत्या आणि कवितासंग्रह एकही नव्हता, हे वही चाळताना डिसेंबरात लक्षात आले. कविता पटापट ‘संपत’ नाहीत, हेच त्याचे कारण.

या वर्षी आकडा ठरवलेला नाही. ती ७०० पानांची कादंबरी पुन्हा मागवली आहे, आणि दिवसाला सहा-सात पाने या गतीने आज मी १४२ व्या पानावर आहे.