हरवलेल्या खाणींची पुस्तकं मी कशी मिळवली

हरवलेल्या खाणी आणि त्यांच्यामागे आयुष्य घालवलेली माणसं हा माझ्या वाचनाचा अगदी जिव्हाळ्याचा विषय. नाशिककराला ही ओढ लागायला फार लांब जावं लागत नाही. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला, गोदावरी-दारणेच्या संगमावर, 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. लहानपणी ऐकलेल्या गुप्तधनाच्या गोष्टींत मांत्रिक असायचे, नाग असायचे. इथे खरं धन निघालं आणि कोणी कोणाला हरवलं याचा पुरावा हातात आला. तेव्हापासून अशा शोधांच्या छापील नोंदी गोळा करायचा नाद लागला.

सुरुवात अमेरिकेतल्या पुस्तकांपासून झाली. फ्रँक डोबी या टेक्ससच्या लेखकाचं हरवलेल्या खाणींवरचं पुस्तक 1930 साली आलं. त्यात सॅन साबाच्या चांदीच्या खाणीपासून कितीतरी दंतकथा आहेत, आणि सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचा सूरही आहे. टेक्सस विद्यापीठाने ते पुन्हा छापल्यामुळे ते मिळवायला त्रास पडला नाही. अडलं ते पुढच्यांपाशी. जॉन मिचेल यांचं 1933 चं, बॅरी स्टॉर्म यांचं 1945 चं. अ‍ॅरिझोनाच्या सुपरस्टिशन डोंगरातल्या हरवलेल्या सोन्याच्या खाणीचा विषय निघाला की ही नावं येतातच. त्या खाणीचा ठावठिकाणा ज्याला ठाऊक होता असं म्हणतात, तो जेकब वॉल्ट्झ 1891 मध्ये वारला. पुढे 1931 मध्ये अडॉल्फ रूथ नावाचा वयस्क माणूस नकाशा घेऊन त्या डोंगरात शिरला आणि परत आलाच नाही. नंतर त्याची कवटी सापडली.

पण माझा खरा जीव अडकला तो आपल्याकडच्या खाणींवरच्या पुस्तकात. टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिऱ्यांच्या खाणी स्वतः पाहून आला. गोवळकोंडा राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीत साठ हजारांच्या आसपास माणसं राबत होती असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे खाणी बंद पडल्या, गावांची नावं बदलली, आणि त्याने लिहिलेली ‘राओलकोंडा’ची खाण नेमकी कुठली हेच कळेनासं झालं. व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने त्याच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि टिपांमध्ये एकेक खाण शोधून काढली. गोवळकोंड्यापासून पाच दिवसांची वाट, विजापूरपासून आठ-नऊ दिवसांची, एवढ्या धाग्यावरून त्याने राओलकोंडा म्हणजे कर्नूलजवळचं रामल्लकोटा असं ठरवलं. माणूस घरी बसून वाचतोय आणि खाण सापडतेय, यासारखा थरार मला दुसऱ्या कशात वाटत नाही. हे दोन खंड लंडनला मॅकमिलनने 1889 साली काढले. 1925 मध्ये विल्यम क्रुक यांनी सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. मला हवी होती पहिली.

आधी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, विचारलं. ते 1840 पासूनचं, त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकांची चौकशी नाशिककर तिथूनच सुरू करतो. संदर्भ विभागातल्या ताईंनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली: नुसत्या नावाने शोधू नका, प्रकाशक, साल, भाषांतरकार आणि खंड किती, एवढं एका कागदावर लिहून सोबत ठेवा. पुढचा सगळा शोध त्या कागदावर चालला. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतही गेले, पण तिथे नाण्यांच्याच पुस्तकांत रमले आणि हिरे मागे राहिले.

मग मुंबई. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जायचं आणि फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांपाशी, उभं राहायचं. मी कागद पुढे केला तर विक्रेता म्हणाला, “ताई, नाव राहू द्या. जाडी किती, रंग कुठला ते बोला.” हे लोक पुस्तकं कण्यावरून ओळखतात. त्यामुळे इंटरनेटवर जुन्या प्रतींचे फोटो बघून कापडी बांधणीचा रंग आणि कण्यावरची सोनेरी अक्षरं मी पाठच करून टाकली. पुस्तक तिथे नाही मिळालं, पण नजर तयार झाली.

दरम्यान एका विक्रेत्याकडून ‘1889 ची आवृत्ती’ म्हणून मागवलेलं पार्सल आलं. उघडलं तर पांढऱ्याशुभ्र कागदावर स्कॅनवरून छापलेली प्रत! मजकूर होता, नकाशा नव्हता. खूप राग आला. जुनं पुस्तक स्कॅन करताना घडीचा नकाशा बऱ्याचदा उलगडतच नाहीत, आणि खाणींच्या पुस्तकातून नकाशा गेला तर उरलं काय? विक्रेत्याने पैसे परत केले, तेही बरीच पत्रापत्री झाल्यावर.

तेव्हापासून मी ठरवून टाकलंय, पैसे देण्याआधी तीन फोटो मागायचे: शीर्षकपान, चित्रांची यादी आणि उलगडलेला नकाशा. यादीत कुठलं चित्र कोणत्या पानासमोर आहे हे छापलेलं असतं. ती धरून विक्रेत्याला एकेक पान तपासायला सांगायचं. चांगला विक्रेता कंटाळत नाही. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडची प्रत सोडून द्यावी.

शेवटी प्रत मिळाली ती इंग्लंडमधल्या एका छोट्या दुकानात, एका वाचनालयाने निकालात काढलेली. कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी, आत शिक्के, म्हणून किंमत उतरलेली. संग्राहक अशा प्रतीला नाक मुरडतात. मला शिक्क्यांचं काही वाटत नाही. टपालखर्च जवळजवळ पुस्तकाएवढा झाला. नकाशा शाबूत होता, फक्त बांधणीपाशी घडीवर फाटलेला, आणि तिथे कोणीतरी कधीकाळी चिकटपट्टी लावलेली. पट्टी तपकिरी होऊन तेलकट डाग खालच्या अक्षरांत उतरला होता. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, हे मी भेटेल त्याला सांगते. मी ती ओढून काढली नाही. प्रत बांधणीचं काम जाणणाऱ्या माणसाकडे नेली. त्याने पट्टी धीराने सोडवली आणि मागून पातळ कागद गव्हाच्या खळीने बसवला.

आता टॅव्हर्नियरचा मजकूर, बॉलच्या टिपा आणि फोनवरचा आजचा नकाशा शेजारी ठेवून वाचन चाललंय. आपल्या गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे; पुढचा नंबर तिचा. आणि स्टॉर्म यांच्या 1945 च्या पुस्तकाची एक प्रत अ‍ॅरिझोनात दिसली आहे. विक्रेत्याला तीन फोटो मागितलेत.