७७वं मिनिट आणि त्याआधीचं वर्ष

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार. आपल्या घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध फुटबॉल सामन्यात २-० ने पुढे. घड्याळात ७७वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर चालू लागले. नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट पुढच्या मोसमात ७७ पौंडांचं होणार होतं, म्हणून हे मिनिट. सुंदरलंडने ८२व्या आणि ८९व्या मिनिटाला गोल मारून सामना २-२ केला. (लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे मैदानातच नव्हते.) बुधवारी क्लबची मालक असलेल्या एफएसजी (फेनवे स्पोर्ट्स ग्रुप) कंपनीने माफी मागितली. ७७ पौंडांचा बेत गुंडाळला आणि सर्वात महाग तिकीट आधीच्याच ५९ पौंडांवर दोन मोसमांसाठी गोठवलं.

समर्थकांनी क्लबच्या व्यवस्थापनाकडे मागणी कशी मांडावी, याचा धडा इथे आहे. हा किस्सा सांगणारे बहुतेक जण बाहेर पडणाऱ्या गर्दीपाशीच थांबतात. पण त्याआधी जवळपास वर्षभर स्पिरिट ऑफ शँकली आणि स्पायन कॉप १९०६ हे समर्थक गट तिकीटदरांवर क्लबसोबत बैठका घेत होते. त्यामुळे दर जाहीर होताच ‘आम्ही काय मागितलं आणि काय मिळालं’ हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं. क्लबकडेही उत्तर तयार होतं: ७७ पौंड मोजक्याच जागांना, उलट बरीच तिकिटं स्वस्त होतायत, काही तर ९ पौंडांना. त्यावर समर्थकांचा हिशेब सरळ होता. त्याच उन्हाळ्यापासून प्रीमियर लीगचा तीन वर्षांचा ५.१३६ अब्ज पौंडांचा देशांतर्गत टीव्ही करार सुरू होणार होता. एवढा पैसा येत असताना दर वाढवायची गरजच काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं फेब्रुवारीत झालं. सीझन तिकिटांची नोंदणी सुरू होऊन लोकांनी पैसे भरल्यावर, ऑगस्टमध्ये, हीच माणसं उठून गेली असती तर एक छान फोटो मिळाला असता, बाकी काही नाही.

तेव्हा व्यवस्थापनाकडे काही मागायचं असेल तर पहिला प्रश्न असा: हा निर्णय नेमका कुणाच्या हातात आहे आणि तो कधी होतो? इंग्लंडमध्ये पुढच्या मोसमाचे तिकीटदर साधारणपणे हिवाळ्यात ठरतात, म्हणजे पत्र दिवाळीच्या सुमारास जायला हवं. आपल्याकडे मोसमाची तारीखच उशिरा कळते, त्यामुळे कॅलेंडर धरून चालता येत नाही. तिकीटविक्री सुरू होण्याच्या आधी बोलायचं, एवढंच धरून ठेवा.

कुणाच्या हातात, हे त्याहून अवघड. ‘प्रशिक्षकाला काढा’ ही मागणी बैठकीत मांडू नये. व्यवस्थापन त्यावर बोलत नाही, आणि एकदा ती मांडली की गेट, स्वच्छतागृह, तिकीट, सगळंच ‘हरल्याचा राग’ या खात्यात जातं. अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना महापालिकेच्या क्रीडा संकुलात आहे. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम गोवा क्रीडा प्राधिकरणाचं. क्लब तिथे भाडेकरू. नळाला पाणी नाही, ही तक्रार क्लबला पाठवली तर उत्तर येतं ‘स्टेडियमशी बोला’, स्टेडियम म्हणतं ‘आयोजकांशी बोला’, आणि घोंगडं भिजत पडतं. भाडेकरारात देखभाल कुणाकडे आहे ते आधी शोधा. क्लब खासगी कंपनी असल्याने त्याला माहितीचा अधिकार लागू नाही, पण महापालिकेला लागू आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात, एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘अमुक मोसमासाठी अमुक संस्थेशी झालेल्या वापर-कराराची प्रत’ एवढंच मागा. ‘गैरसोयीबद्दल सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज परत आलाच समजा. क्लबच्या पैशांचा अंदाज हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेले ताळेबंद पाहता येतात. इंग्लंडमध्ये कंपनीज हाऊसच्या साइटवर तेच फुकट दिसतात.

आता तक्रार मोजून कशी मांडायची ते गेटचंच उदाहरण घेऊन बघू, कारण ते सगळीकडे सारखं आहे. ‘आत जायला फार वेळ लागतो’ हे वाक्य कुणालाच हलवत नाही. त्याऐवजी दोघं जण किक-ऑफच्या दीड तास आधी एका गेटसमोर उभे राहा. किती स्कॅनर सुरू आहेत ते लिहा. एकाच स्कॅनरवरून सलग दहा माणसं आत जायला लागलेले सेकंद मोबाइलवर मोजा, दर पंधरा मिनिटांनी एकदा. दर दहा मिनिटांनी एकाच जागेवरून रांगेचा फोटो काढा, वेळ दिसेल असा. समजा दहा माणसांना १२० सेकंद लागले. म्हणजे झडतीसकट एका स्कॅनरवरून मिनिटाला पाच माणसं. त्या गेटची १५०० तिकिटं विकली गेली आहेत आणि दोनच स्कॅनर चालू आहेत, तर सगळे आत जायला १५० मिनिटं लागणार. गेट उघडतं ९० मिनिटं आधी. म्हणजे पहिल्या माणसापासून अखंड रांग असली तरी किक-ऑफला ६०० जण बाहेरच.

चार स्कॅनर केले की वेळ ७५ मिनिटांवर येते. कागदावर प्रश्न सुटला. पण लोक कामावरून येतात, शेवटच्या पाऊण तासात येतात. त्या ४५ मिनिटांत हजार जण आले तर चार स्कॅनर ९०० जणांना सोडतात आणि उरलेले शंभर किक-ऑफनंतर पाच मिनिटांत आत जातात. हेही पत्रात लिहा. आपल्या मागणीतली उणीव आपणच सांगितली की समोरचा ऑपरेशन्स मॅनेजर कान टवकारतो, कारण हे गणित त्याचं रोजचं असतं. आणि एकाच सामन्याचे आकडे देऊ नका, ‘त्या दिवशी मशीन बिघडलं होतं’ हे ठरलेलं उत्तर आहे. निदान तीन सामने, त्यातला एक तरी गर्दीचा.

पत्र एक पान. संबंधित खात्याच्या प्रमुखाच्या नावाने, सीईओला प्रत. विषय एक, मागण्या जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येक मागणी अशी की तिला हो किंवा नाही म्हणता येईल. ‘समर्थकांचा सन्मान राखावा’ ही मागणी नव्हे. तिला कुणीही हो म्हणेल. ‘पूर्व स्टँडच्या गेटवर पुढच्या घरच्या सामन्यापासून चार स्कॅनर’ ही मागणी. शेवटी उत्तराची तारीख, साधारण दोन आठवड्यांची. उत्तर येईपर्यंत ते पत्र सोशल मीडियावर टाकू नका. एकदा टाकलं की उत्तर तुम्हाला येत नाही, प्रसिद्धीपत्रक निघतं.

मोहन बागानच्या समर्थकांची मागणी या कसोटीवर चोख होती. २०२० मध्ये कोलकात्यातल्याच एटीके या क्लबशी विलीनीकरण झालं, क्लब एटीके मोहन बागान झाला, आणि समर्थकांनी तीन अक्षरं धरून ठेवली: एटीके काढा. १८ मार्च २०२३ ला फातोर्ड्यावर बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकल्यावर मालक संजीव गोएंकांनी तिथेच नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. ‘एटीके’ गेलं, ‘सुपर जायंट’ आलं. तीन अक्षरं मागितली होती, तीन गेली; त्यांच्या जागी काय यावं हे मागण्यात नव्हतं. ज्याला त्याला आपापला धडा.

सर्वेक्षण करणार असाल तर एक सांगणं. ‘तिकिटं अवाच्या सवा महाग झाली आहेत असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न विचारलात की संपलं. पहिल्याच मिनिटाला समोरचा तो बाजूला ठेवतो. विचारा: गेल्या मोसमात घरचे किती सामने पाहिलेत? पुढच्या मोसमात किती बघणार? कमी होणार असतील तर मुख्य कारण एकच निवडा. सहा-आठ प्रश्न पुरे, आठवडाभर खुलं, सदस्य क्रमांकागणिक एकच उत्तर. क्रमांक मागितला नाही तर लिंक व्हॉट्सॲपवरून फिरत प्रतिस्पर्ध्यांच्या ग्रुपवर पोचते आणि मग ९५ टक्के लोकांना मालक बदलून हवा असतो. निकाल देताना किती जणांनी उत्तरं दिली आणि कोणत्या स्टँडमधून, हे वर लिहा. व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न नेहमी ‘तुम्ही आहात किती?’ हाच असतो, आणि इन्स्टाग्रामचे फॉलोअर हे त्याचं उत्तर नव्हे. नोंदणीकृत संस्था असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो. इंग्लंडचे सपोर्टर्स ट्रस्ट एक सभासद-एक मत या तत्त्वावर चालतात. आपल्याकडे सोसायटी नोंदवायला किमान सात जण लागतात. कोल्हापुरात हा प्रश्नच नाही म्हणा. तिथे तालमीचा संघ, पेठेतलेच बरेचसे खेळाडू, पेठेतलेच कारभारी. तक्रार रात्री कट्ट्यावर पोचते आणि सकाळी उत्तरही.

बैठकीला चौघं पुरतात. एक बोलणारा, एक आकडे सांभाळणारा, एक लिहिणारा, आणि एक नुसता ऐकणारा, जो विषय भरकटला की आणून बसवतो. सगळ्यात तापट माणसाला नेऊ नका, सगळ्यात ओळखीच्यालाही नको. तीन विषय, एक तास, विषयपत्रिका आठवडाभर आधी. सुरुवातीलाच ठरवून घ्या की आर्थिक आकडे गोपनीय राहतील, पण बैठक झाली हे आणि त्यात काय ठरलं हे सभासदांना सांगितलं जाईल. हे नंतर ठरवायला गेलात तर सगळंच गोपनीय होतं आणि तुमचेच लोक म्हणतात, ‘आत जाऊन सेटिंग केली’. त्याच कारणाने जर्सी, व्हीआयपी पास, खेळाडूंसोबत फोटो, काहीही घेऊ नका. चहा चालेल.

‘बघतो’, ‘वरिष्ठांच्या कानावर घालतो’, ‘सकारात्मक विचार करू’ यातलं काही ऐकू आलं की लगेच विचारायचं: कोण बघणार, कोणत्या तारखेपर्यंत? इतिवृत्त त्याच रात्री लिहा आणि दोन दिवसांत पाठवा: मुद्दा, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. खाली एक ओळ: ‘दुरुस्ती असल्यास सात दिवसांत कळवावी, अन्यथा हे मान्य समजू.’ व्यवस्थापनातली माणसं बदलतात. नवा आलेला म्हणतो ‘माझ्या आधीचं मला माहीत नाही’, तेव्हा हा कागदच उपयोगी पडतो.

आणि नाहीच म्हणाले तर? एक वाट वरच्या संस्थेकडे जाते. हल सिटीचे मालक असेम अल्लाम यांना क्लबचं नाव हल टायगर्स करायचं होतं. समर्थकांच्या सिटी टिल वी डाय या गटाने मालकाशी वाद घालण्याबरोबरच आपलं म्हणणं फुटबॉल असोसिएशनकडे नेलं, कारण नाव बदलायला तिची मंजुरी लागत होती. एप्रिल २०१४ मध्ये असोसिएशनच्या कौन्सिलने ६३.५ टक्के मतांनी नकार दिला. जिथे असा नियम नव्हता तिथे हाल झाले: कार्डिफचा निळ्या जर्सीचा संघ २०१२ मध्ये मालकाच्या हट्टापायी लाल झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा निळा झाला.

तिकीट घेतलेला प्रेक्षक आपल्याकडे ग्राहक असतो, हीही एक वाट. पैसे भरूनही जागा मिळाली नाही, सामना रद्द झाला आणि परतावा नाही, अशा गोष्टींसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. संघ वाईट खेळला म्हणून मात्र कुणी दाद देणार नाही.

मग उरतो निषेध. इथे मोठी घोषणा करून छोटी गर्दी जमवणं यासारखं नुकसान नाही. ‘स्टेडियम रिकामं करू’ म्हणालात आणि स्टँड तीन चतुर्थांश भरलेला दिसला, की पुढची दोन वर्षं कुणी फोन उचलत नाही. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या वाट्याला ३००० तिकिटं आली होती, प्रत्येकी ६२ पौंडांची. त्यातली ९१२ न विकता परत गेली. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसल्या आणि आकडा पेपरात छापून आला. पाहुण्या समर्थकांसाठी ‘ट्वेंटीज प्लेंटी’ (वीस पौंड पुरे) मोहीम त्याच महिन्यात उभी राहिली. वीस पौंड काही मिळाले नाहीत, पण २०१६-१७ पासून प्रीमियर लीगने पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली.

आता इंग्लंडमध्ये कायदाच आला आहे. जुलै २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्टनुसार वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना तिकीटदरांसह ठरावीक विषयांवर समर्थकांशी सल्लामसलत करावी लागेल. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, हे लिव्हरपूलवाल्यांना आधीच कळलं आहे. २०२१ मध्ये मोठ्या क्लबांनी वेगळी युरोपियन सुपर लीग काढायचा बेत केला आणि तो फसला; त्या फजितीनंतर लिव्हरपूलच्या समर्थकांना सपोर्टर्स बोर्ड, म्हणजे क्लबशी बोलणारं समर्थकांचं मंडळ, मिळालं, तेही क्लबच्या घटनेत लिहून. तरी २०२४ मध्ये क्लबने दोन टक्के वाढ जाहीर केली आणि बोर्डाचं म्हणणं पडलं की आमच्याशी धड चर्चाच झाली नाही. त्या ११ एप्रिलला, अटलांटाविरुद्धच्या युरोपा लीग सामन्यात, कॉप या ॲनफिल्डच्या घरच्या समर्थकांच्या स्टँडवर एकही मोठा झेंडा नव्हता. लोक जागेवर होते, झेंडे मात्र घरी ठेवून आलेले.