पाय उचलला की गाणं थांबतं

गुरुवार, रात्री दहा

तंबू लागला एकदाचा. सनीवेलहून निघता निघता अकरा वाजले, सॅक्रामेंटोच्या ट्रॅफिकने तासभर खाल्ला आणि ऑबर्नला हायवे ४९ धरल्यावर कुठे पाइनचा वास यायला लागला. ग्रास व्हॅलीचं हे फेअरग्राउंड म्हणजे उंच पाइनच्या सावलीत पसरलेलं मैदान. झाडांच्या मधल्या जागेत आरव्ही म्हणजे राहायच्या मोठ्या गाड्या, तंबू, घडीच्या खुर्च्या, आणि जिथे चार खुर्च्या तिथे एक तरी बँजो. जूनमधल्या फादर्स डेला जोडून चार दिवस इथे ब्लूग्रासचा, म्हणजे तारवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा, महोत्सव असतो. कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशन तो सत्तरच्या दशकापासून भरवते. आम्ही पहिल्यांदाच आलोय. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि माझी लेक चिऊ, दोघीच.

आलोय ते एका अल्बममुळे. 'क्रुकेड ट्री', म्हणजे वाकडं झाड. मॉली टटल आणि तिच्या गोल्डन हायवे या बँडचा, एप्रिल २०२२ मध्ये आलेला. तेरा गाणी. पुढच्या वर्षी त्याला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं, पण ते मला फार नंतर कळलं. अल्बम मला दिला तो एका अनोळखी बाईंनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात ऑक्टोबरमध्ये 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास' भरतो, तिकीट वगैरे काही नसतं, सतरंजी टाकून बसायचं. शेजारच्या सतरंजीवरच्या बाई चिऊकडे बघत होत्या. तिची घट्ट ओढलेली टोपी, भुवया नसलेला चेहरा. मी मनातल्या मनात उत्तर तयार करून ठेवलं, कारण लोक विचारतातच, आणि पहिला प्रश्न कॅन्सरचा असतो. बाईंनी काहीच विचारलं नाही. जाताना पेपर नॅपकिनवर दोन नावं लिहून माझ्या हातात दिली, गायिकेचं आणि अल्बमचं. "हिला ऐकव," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर शोधलं तेव्हा कळलं की त्यांनी तो का दिला. मॉली टटलला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून चाई आहे. सगळे केस गेलेले.

चिऊला आठव्या वर्षी सुरू झाली. कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली, मला वाटलं शाळेत कुठे खरचटलं असेल. सहा महिन्यांत डोकं, भुवया, पापण्या. सांगलीहून आईचे रोज फोन. माक्याचं तेल लाव, जास्वंदीच्या कळ्या उगाळून लाव, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढ. डॉक्टर म्हणाले, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, यात कुणाचं काही चुकलेलं नाही. ते वाक्य मी किती वेळा स्वतःला म्हणून दाखवलं असेल. शाळेत फोटोच्या दिवशी तिला सगळ्यांसमोर टोपी काढायला लावली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही आणि मीही नाही.

मग हा अल्बम घरात आला. आधी नुसता वाजत राहायचा. मग तिने गिटार मागितली.

शुक्रवार, दुपार

ऊन रणरणतंय. चिऊ खुर्चीत झोपली आहे, टोपीसकट.

शेजारच्या तंबूतले आजोबा ओरेगॉनहून आलेत. मँडोलिन वाजवतात. मी अल्बमचं नाव काढलं तर त्यांनी ट्रकमधून त्याची एलपी काढून आणली. कव्हरचे कोपरे मऊ पडलेले. मला म्हणाले, ही आमची पोर आहे. मला वाटलं भरात बोलतायत, पण तसं नव्हतं. मॉली आपल्या बे एरियातली, पालो आल्टोत वाढलेली. तिचे वडील जॅक टटल तिथे वर्षानुवर्षं फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, मँडोलिन शिकवतात. आठव्या वर्षी तिने गिटार धरली, अकराव्या वर्षी वडिलांबरोबर स्टेजवर बसली. आणि लहानपणी ती याच मैदानात यायची, याच झाडांखाली. अल्बममध्ये 'ग्रास व्हॅली' नावाचंच गाणं आहे, बापाबरोबर महोत्सवाला निघालेल्या लहान मुलीचं. आजोबांना ते पुरतं म्हणता येत नाही, मध्येच आवाज जातो. त्यांनी तसं सांगितलं आणि मँडोलिन पुसायला लागले.

इथले लोक अल्बम ज्या बारकाईने ऐकतात ते बघून मी थक्क झाले. कुठल्या गाण्यात फिडल कधी आत येतं, कुठे सूर ओढून धरलाय, जेरी डग्लसचा डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार) कुठे ऐकू येतो (डग्लसच मॉलीबरोबर अल्बमचा निर्माता), सगळं तोंडपाठ. सात-आठ जण खुर्च्या ओढून बसतात आणि एका गाण्यावर तासभर बोलतात. बोलता बोलता कुणीतरी "हे असं" म्हणून वाजवून दाखवतं आणि बोलणं तिथेच संपतं.

यातल्या जुन्या मंडळींचे नियम कडक आहेत. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवायची आपली पद्धत घेऊन ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या बँडमध्ये आला आणि या संगीताचा साचा ठरला. गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन, उभा बास. आजोबांच्या मते त्यात ड्रम आला की ते दुसरं काहीतरी झालं. म्हणून हा अल्बम त्यांना इतका जवळचा. तिशीच्या आतल्या मुलीने ठोका धरायला मँडोलिनच घेतली. मी विचारलं, मँडोलिनने ठोका कसा? त्यांनी चिऊला उठवलं. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची, उजव्या हाताने मारायचं आणि लगेच डावा हात सैल सोडायचा. सूर उमटायच्या आत मरतो आणि नुसता 'चक्' उरतो. बास 'धुम्', मँडोलिन 'चक्'. चिऊने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी नेमका चक् आला आणि आजोबांनी मांडीवर थाप मारली.

पलीकडे एक सत्तरीच्या बाई आहेत, फिडलवाल्या. त्यांचं आवडतं गाणं 'साइड सॅडल'. बाईने घोड्यावर एका बाजूला पाय टाकून बसायचं ही जुनी रीत, आणि ती रीत झुगारणारी गाण्यातली मुलगी. त्या म्हणाल्या, तरुणपणी जॅममध्ये, म्हणजे असं गोल करून वाजवायला, गेलं की पुरुष विचारायचे, नवरा कुठलं वाद्य वाजवतो? आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचं सर्वोत्कृष्ट गिटारवादकाचं बक्षीस बाईला पहिल्यांदा मिळालं ते २०१७ मध्ये, मॉलीला. ती बातमी ऐकली तेव्हा त्या गाडी चालवत होत्या. रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यांनी मुलीला फोन केला. हे सांगताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

शनिवार, मध्यरात्र उलटून गेली

झोप येणं शक्य नाही. जे झालं ते आत्ताच लिहून ठेवते.

मोठ्या स्टेजवरचे कार्यक्रम संपले की इथला खरा महोत्सव सुरू होतो. अंधारात तंबूतंबूंपुढे गोल जमतात. माझ्या आजोबांच्या गावी एकादशीला भजन बसायचं तसंच. कुणी बोलावत नाही, कुणी हाकलत नाही, टाळ घेऊन बसलं की झालं. फरक इतकाच की इथे बुवा बदलत राहतो. गोलातला प्रत्येक जण आपल्या पाळीला गाणं काढतो, पट्टी सांगतो, कडवं म्हणतो, ध्रुवपद सगळे धरतात, मग तो मान हलवून खूण करेल त्याने एकट्याने वाजवायचं. काल रात्री एका गोलात पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी 'डूलीज फार्म' असं काही सुसाट वाजवलं की उभे असलेले लोक आपोआप पुढे सरकले. अल्बममध्ये त्या गाण्यात बिली स्ट्रिंग्ज हा गिटारवाला आहे. या पोरांनी त्याचा प्रत्येक स्वर उतरवून घेतला होता. किती तास बसले असतील!

मला इतके दिवस वाटायचं की आवडणं म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकणं. इथे कुणालाच नुसतं ऐकून भागत नाही. आवडलेलं गाणं आपल्या बोटांनी वाजवता येईपर्यंत ते यांना आपलं वाटत नाही. आजोबांची करंगळी संधिवाताने वाकडी झालीय, तरी तेरापैकी नऊ गाणी त्यांनी बसवली आहेत. उरलेली चार पुढच्या जूनपर्यंत, म्हणाले.

आज आम्ही नवशिक्यांच्या गोलात बसलो, जिथे सगळं सावकाश चालतं. आजोबा मुद्दाम आमच्याबरोबर आले, फिडलवाल्या बाईही. पाळी फिरत फिरत चिऊपाशी आली. ती नाही म्हणेल असं मी धरूनच चालले होते.

तिने 'क्रुकेड ट्री' काढलं.

पट्टी विचारली तर म्हणाली, "जी." आवाज इतका बारीक की पलीकडच्या बासवाल्याने कानामागे हात नेला. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. ते गाणं काय आहे ते इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. सरळसोट वाढलेली झाडं तोडून नेतात, वाकडं झाड वखारीच्या यंत्रात बसत नाही, म्हणून ते रानात उभं राहतं. स्टेजवर हे गाणं म्हणताना मॉलीने विग काढलाय, हेही ठाऊक आहे. मला भीती वाटली की आता सगळे माझ्या मुलीकडे पाहतील, त्या विशिष्ट मऊ नजरेने, जी मला दुकानात, विमानात, पालकसभेत ओळखता येते.

सगळे तिच्याकडे बघत होतेच. पण तिच्या डाव्या हाताकडे. गोलात गिटारवाल्याचा डावा हात बघूनच बाकीचे कॉर्ड पकडतात, हे आजोबांनी मला आधीच सांगितलं होतं. सोळा माणसं, कपाळाला दिवे बांधलेली, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या तीन बोटांवर. सी वरून डी वर जाताना ती किंचित अडखळली, तर अख्खा गोल अडखळला आणि तिच्याबरोबर पुढे गेला. ध्रुवपदाला फिडलवाल्या बाईंनी वरचा सूर लावला, आजोबांनी खालचा. मधोमध माझ्या लेकीचा आवाज.

शेवटचं ध्रुवपद असलं की गाणाऱ्याने पाय पुढे उचलून धरायचा असतो, म्हणजे सगळ्यांना कळतं की आता थांबायचं. कुणीतरी तिला हे सांगितलं असणार. तिने पाय उचलला. पायात सपाता होत्या, निळ्या, एकीचा पट्टा मी काल सेफ्टीपिनने जोडलेला. उभा बास, दोन बँजो, तीन गिटारी, फिडल, मँडोलिन, सगळे त्या सपातेबरोबर एका क्षणी थांबले.

क्षणभर झाडांतून वारा ऐकू आला. मग बासवाला म्हणाला, "पुन्हा एकदा?" आणि पुन्हा एकदा झालं.

रविवार, सकाळ

सकाळी आजोबा चिऊची टोपी घेऊन आले. गोलातल्या खुर्चीवर राहिली होती. रात्री तिने ती कधी काढली मला आठवत नाही, मी समोर बसले होते तरी. मीसुद्धा हाताकडेच बघत असणार. चिऊने टोपी घेतली, डोक्यावर घातली, ऊन फार आहे म्हणाली, आणि आजोबांना विचारलं, "'ग्रास व्हॅली'ला कॅपो कितव्या फ्रेटवर लावायचा?" कॅपो म्हणजे पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. त्यांनी तिच्या तळहातावर पेनने आकडा लिहून दिला.

आज फादर्स डे. तिने बाबाला फोन लावला आणि गाणं म्हणून दाखवलं. स्पीकरवर होता. अर्ध्यावर पलीकडून आवाजच येईना, तिला वाटलं रेंज गेली.

रविवार, रात्र, घरी

उतरताना गाडीत पूर्ण वेळ झोपली होती. डाव्या हाताच्या टोकांवर तारांचे लाल वळ, तळहातावरचा आकडा घामाने पसरलेला. सांगलीला फोन केला. आई म्हणाली, तेल लावतेस ना? म्हटलं, लावते. मग तिला कालची रेकॉर्डिंग ऐकवली. शब्द तिला कळणं शक्य नव्हतं. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "ही मागे टाळ धरणारी माणसं कोण गं?"