ब्लाइंड्स सकाळीच का अडायचे?

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या पूर्वेकडच्या खिडकीला मुलांनी स्वतः बनवलेले सौर ब्लाइंड्स, म्हणजे सौर विजेवर उघडझाप होणारे पट्ट्यांचे पडदे, बसवले होते. काचेला आतून चिकटवलेलं छोटं पॅनेल, रिचार्ज होणारा १८६५० लिथियम सेल, मोटर चालवणारा प्रोग्रॅम असलेला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि पट्ट्यांचा दांडा फिरवणारी वर्म गिअरची मोटर. वर्म गिअर निवडला हे फार चांगलं केलं. हा स्क्रूसारखा गिअर पट्ट्यांच्या भाराने उलटा फिरत नाही, त्यामुळे पट्ट्या जागेवर धरून ठेवायला वीज खर्च होत नाही. पण दुपारी व्यवस्थित चालणारे ब्लाइंड्स सकाळी झटका द्यायचे, थांबायचे, पुन्हा झटका द्यायचे.

त्या दिवशी मुलं मोठं पॅनेल मागायला आली. मी आधी सेलला मल्टिमीटर लावला : ३.७ व्होल्ट. सेल काही रिकामा नव्हता. शिवाय मोटर सुरू होताना लागणारा करंट सेलच देतो, पॅनेलचं काम दिवसभर त्याला भरत राहायचं. म्हणून पॅनेलचा विषय बाजूला ठेवून ऑसिलोस्कोप काढला, क्षणाक्षणाचा व्होल्टेज स्क्रीनवर रेषेने दाखवणारा.

प्रोब बोर्डच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर लावला. मोटर बंद असतानाही रेषा २.७च्या आसपास. सेलचा व्होल्टेज ३.३वर आणायला बोर्डवर एएमएस१११७ रेग्युलेटर होता, आणि त्याला स्वतःलाच साधारण एक व्होल्ट खायला लागतो. दुपारी भरलेल्या सेलवर ते निभायचं, रात्रभरानंतर नाही. मग मोटर सुरू केली. जागची उठताना ती चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. रेषा धाडकन खाली आली आणि बोर्ड रीसेट झाला. मल्टिमीटरला ही क्षणभराची घसरण दिसतच नाही. रीसेट झाला की पट्ट्या कुठे आहेत हे बोर्ड विसरायचा, पुन्हा मोटर सुरू करायचा, पुन्हा रीसेट! मुलं स्क्रीनला नाक लावून बघत होती. ‘सर, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता?’ होता की.

कमी ड्रॉपचा, म्हणजे स्वतः कमी व्होल्ट खाणारा, रेग्युलेटर लावला, मोटर ड्रायव्हरच्या सप्लायवर क्षणभराचा जादा करंट द्यायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला, आणि मोटरला एकदम पूर्ण जोर न देता पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) हळूहळू वेग वाढवायला लावला. पट्ट्यांची जागा आता फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहिली जाते. रीसेट झालाच तरी हरवत नाही.

सेल मात्र मी काचेपासून लांब, भिंतीच्या सावलीत हलवायला लावला. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि उन्हात काचेमागे तेवढं तापमान सहज होतं. यावर मुलांशी वाद झाला, कारण वायर लांबली आणि दिसायला वाईट दिसते. दिसू दे.